डायलिसिसवर असलेल्या वडिलांना रात्रभर खाज येते, सिस्टर म्हणतात त्वचा कोरडी आहे. एवढंच असेल का?

एवढंच नसावं, पुरळ नसताना पाठीला, हातांना, विशेषतः रात्री खाज येत असेल तर ती बहुधा किडनीच्या आजाराचीच असते, कोरडेपणा तिला वाढवतो. मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. आम्ही दर वेळी वजन, बीपी, फिस्टुला (हातातली डायलिसिसची सुई टोचायची शीर) बघतो, पण खाजेबद्दल विचारायचं राहून जातं, आणि रुग्ण आपणहून सांगत नाहीत. शर्ट वर केला की पाठीवर नखांचे जुने-नवे ओरखडे दिसतात, तेव्हा कळतं. हे आमचं चुकतंच. म्हणून पुढच्या वेळी वडिलांना खाज किती आहे याचा 0 (अजिबात नाही) ते 10 (असह्य) मधला आकडा विचारा आणि तो फाइलमध्ये लिहायला सांगा. आकडा लिहिला की डॉक्टरांना दखल घ्यावी लागते. मग रक्तातलं फॉस्फरस, पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं हार्मोन) आणि डायलिसिस पुरेसं होतंय का, हे तपासतात. घरी कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, नखं कापलेली. फॉस्फरस कमी ठेवणारी गोळी जेवणासोबतच, नंतर आठवली म्हणून नाही. सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते, पण ही खाज फारशी हटत नाही, कारण तिचं मूळ हिस्टामिनमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनात, नसतं. गॅबापेंटिन या नसांवरच्या औषधाचा अनेकांना गुण येतो, मात्र ते किडनीवाटेच बाहेर पडतं. डोस अगदी कमी, बहुतेक डायलिसिसनंतर आणि नेफ्रॉलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरांनी) ठरवलेलाच हवा, नाहीतर गुंगी येऊन पडायची भीती. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, घरात इतरांनाही खाज असेल, तर आधी खरूज तपासून घ्या.