ऑपरेशनच्या आधी घरीच केस काढून जावं का?

नाही. ब्लेडला हातच लावू नका.

परवा हर्नियाचं ऑपरेशन आहे, दवाखान्यातून 'आंघोळ करून या' एवढंच सांगितलंय, तर पोट आणि जांघ घरीच साफ करून, जंतुनाशकाने घासून जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आदल्या रात्री हौसेने सगळं चकाचक करून आलेला पेशंट दिसला की माझ्याच पोटात गोळा येतो.

थिएटरच्या दिव्याखाली ती कातडी बघायला हवी. लांबून गुळगुळीत, पण जवळून जांघेत लाल ठिपक्यांचं पीक आणि कुठेतरी सुकलेल्या रक्ताची बारीक रेघ. ब्लेड केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही खरवडतं. त्या ओरखड्यांत रात्रभर जंतू वाढतात आणि सकाळी आम्ही नेमका तिथेच चीर देणार असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली स्पष्ट सांगितलं आहे की केस काढूच नयेत. अगदी गरज असेल तर फक्त क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन वापरावं, वस्तरा कधीच नाही. तरी 'पार्ट प्रिपरेशन'च्या नावाखाली रेझर फिरवायची जुनी सवय काही ठिकाणी सुटलेली नाही. तुमच्याकडे कोणी रेझर घेऊन आलंच तर 'क्लिपर नाही का?' असं बिनधास्त विचारा. केस म्हणजे घाण, हे डोक्यातून काढून टाका.

आंघोळीला साधा साबण चालतो. दवाखान्याने क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं लिक्विड दिलं असेल तर ते वापरा, पण डोळ्यांत आणि कानांत जाऊ देऊ नका. घरातलं जंतुनाशक तसंच, पाणी न घालता चोळू नका, कातडी भाजते. बेंबी मात्र विसरू नका! आम्ही कापसाच्या काडीने साफ करायला घेतो आणि आतून काळा, कडक मळाचा खडा निघतो, अगदी टापटीप माणसाच्याही. आंघोळीनंतर धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे. पावडर, तेल, क्रीम काही नको. नेलपॉलिशही काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात.

एवढं करूनही कातडी निर्जंतुक होत नाही. स्टॅफिलोकॉकससारखे जंतू केसांच्या मुळाशी दडलेले असतात, ते साबणाने निघत नाहीत. त्यांची संख्या कमी करायचं काम आमचं. त्यासाठी आम्ही बहुतेक वेळा स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन लावतो. स्पिरिट झटपट मारा करून उडून जातं, क्लोरहेक्सिडिन कातडीला धरून पुढे कितीतरी तास काम करतं. 2010 साली 849 पेशंटवरचा एक अभ्यास आला होता. त्यात बीटाडिनच्या गटात 16.1 टक्के जणांना जखमेचं इन्फेक्शन झालं, स्पिरिटमधल्या क्लोरहेक्सिडिनच्या गटात 9.5 टक्के.

लावल्यावर ते आपोआप सुकू द्यावं लागतं, निदान तीन मिनिटं. सर्जन हातमोजे घालून ताटकळतात, घड्याळाकडे बघतात, तरी मी चादर टाकू देत नाही. ओल्या स्पिरिटवर कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाची ठिणगी पडली तर ते पेट घेतं.

बीटाडिन किंवा क्लोरहेक्सिडिनने पूर्वी अंगावर पुरळ आलं असेल तर ते भूल देण्याच्या आधीच सांगा. आणि चिरेच्या जागेच्या आसपास फोड, गळू, खाजवून झालेली जखम असेल तर आजच सर्जनना फोन करा. टेबलावर झोपल्यावर ते दिसलं तर ऑपरेशन न करता तिथूनच परत पाठवावं लागतं, आणि उपाशी राहिलेले असता तुम्ही.