'प्रेषक' नेमका कोणता? सर्व्हरवरून आपोआप जाणाऱ्या ईमेलच्या पत्त्यांविषयी

प्रश्न असा आहे: लिनक्स सर्व्हरवरून क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कामांचे अहवाल, बॅकअपच्या नोंदी आणि डिस्क भरत आल्याच्या सूचना ईमेलने आपोआप जातात. त्यांचा 'सेंडर ॲड्रेस' बदलण्याची कृती मराठीत लिहिताना 'प्रेषकाचा पत्ता' म्हणावे काय, आणि पाठवणारा माणूस नसून यंत्र असताना 'प्रेषक' हा शब्द चालेल काय?

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. 'प्रेषक'मधील 'अक' हा प्रत्यय क्रिया करणारा दाखवतो. तो करणारा सजीवच असला पाहिजे, अशी अट मराठीने कधी घातलेली नाही. 'लेखक' आणि 'गायक' ही माणसे असली, तरी 'मापक', 'सूचक', 'गुणक' हे शब्द आपण निर्जीव वस्तूंना आणि संख्यांनाही बिनदिक्कत लावतो. त्यामुळे यंत्राला प्रेषक म्हणण्यात व्याकरणाची अडचण नाही. (याच कुळातील 'प्रेषित' मात्र जपून वापरावा, त्याला ईश्वराने पाठवलेल्या दूताचा अर्थ इतका चिकटला आहे, की 'प्रेषित ईमेल' हा शब्दप्रयोग विचित्र वाटतो.)

खरी अडचण पहिल्या शंकेत आहे, कारण ईमेलमध्ये प्रेषक म्हणता येईल असे पत्ते एकाहून अधिक असतात आणि इंग्रजीतही त्यांची सरमिसळ होते. इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. २००८ सालच्या आरएफसी ५३२२ या दस्तऐवजानुसार 'फ्रॉम' या शीर्षओळीत संदेशाचा कर्ता असतो, तर 'सेंडर' या शीर्षओळीत तो प्रत्यक्ष रवाना करणारा. साहेबांचे पत्र त्यांच्या सचिवाने पाठवले, तर साहेब पहिल्या ओळीत आणि सचिव दुसऱ्या ओळीत येतो. या दोन्ही ओळी संदेशाच्या आत असतात. त्याच वर्षीच्या आरएफसी ५३२१ मध्ये सांगितलेला तिसरा पत्ता संदेशाबाहेरचा, म्हणजे लिफाफ्यावरचा: दोन सर्व्हरांच्या संभाषणात 'मेल फ्रॉम' या आज्ञेने तो कळवला जातो आणि ईमेल पोहोचू शकली नाही, तर तसे कळवणारा संदेश त्याच पत्त्यावर येतो. वाचकाला सहसा पहिलाच पत्ता दिसतो. एसपीएफची, म्हणजे ईमेल त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच आली का याची, तपासणी मात्र तिसऱ्याच्या डोमेनवर होते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पोस्टफिक्स हा ईमेल पोहोचवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते. ईमेल पाठवण्याच्या त्याच्या सेंडमेल आज्ञेला उणे एफ (-f) हा पर्याय देऊन पत्ता दिला, तर लिफाफ्यावरचा पत्ता बदलतो. संदेशात 'फ्रॉम' ओळ नसेल, तर पोस्टफिक्स ती त्याच पत्त्यावरून तयार करतो आणि दोन्ही पत्ते एकदमच बदलल्यासारखे दिसतात. परंतु ईमेल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने ती ओळ स्वतःच लिहिलेली असेल, तर लिफाफा बदलूनही वाचकाला जुनाच पत्ता दिसत राहतो. अशा वेळी 'प्रेषकाचा पत्ता बदला' एवढीच सूचना वाचून काम करणारा माणूस गोंधळला, तर दोष सूचनेचा आहे. याउलट पोस्टफिक्समधील 'सेंडर कॅनॉनिकल मॅप्स' ही पत्ते बदलण्याची तरतूद, वेगळे काही सांगितले नसल्यास, लिफाफ्यावरचा आणि शीर्षओळीतला असे दोन्ही पत्ते बदलते, तर 'एसएमटीपी जेनेरिक मॅप्स' ही तरतूद ईमेल एसएमटीपीने (सर्व्हरांमध्ये ईमेल पोहोचवण्याच्या पद्धतीने) बाहेर पडतानाच लागू होते आणि त्याच यंत्रावरील खात्यात पोहोचणाऱ्या ईमेलला हात लावत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की 'प्रेषक' हा शब्द वाचकाला दिसणाऱ्या 'फ्रॉम' ओळीसाठीच राखावा. वापराने तो तेथे रुळलेलाच आहे. 'सेंडर' ओळीसाठी 'रवाना करणारा' असे साधे वर्णन पुरेल, कारण सर्व्हरच्या ईमेलमध्ये तिचे काम क्वचितच पडते. लिफाफ्यावरच्या पत्त्याला 'परतीचा पत्ता' म्हणावे. यावर आक्षेप येईल, की वाचक त्याला उत्तर पाठवण्याचा पत्ता समजेल. मला ही भीती फारशी पटत नाही: मराठीत न पोहोचलेले पत्र 'परत येते' आणि उत्तर 'उलट टपाली' येते, आणि या दोन क्रिया आपण एरवी एकमेकींत मिसळत नाही. 'रिप्लाय टू' या वेगळ्या ओळीसाठी 'उत्तराचा पत्ता' म्हटले, की उरलीसुरली शंकाही मिटते.

प्रश्नात 'आपोआप' हा शब्द वापरला आहे, तो तसाच ठेवावा. 'स्वयंचलित ईमेल' या प्रयोगात ईमेलच स्वतः चालते असे ध्वनित होते. स्वयंचलित असते ती पाठवण्याची व्यवस्था. शिवाय २००४ सालच्या आरएफसी ३८३४ मध्ये आपोआप तयार झालेला संदेश आणि आपोआप दिलेले उत्तर यांत फरक केलेला आहे, तो 'आपोआप तयार झालेली' आणि 'आपोआप उत्तरादाखल गेलेली' या शब्दांत सहज मांडता येतो.

तेव्हा कृती लिहिताना वाक्ये अशी करता येतील: "बॅकअपच्या अहवालावर प्रेषक म्हणून दिसणारा पत्ता प्रोग्रॅमच्या मांडणीत नोंदवावा. परतीचा पत्ता सेंडमेल आज्ञेच्या उणे एफ या पर्यायाने द्यावा आणि तेथे येणाऱ्या ईमेल कोणीतरी नियमित वाचत असल्याची खात्री करावी."