‘माणूस माकडापासून उत्क्रांत झाला, मग माकडं अजून का आहेत?’ असं कुणी विचारलं तर

घाईने उत्तर देऊ नकोस. आधी समोरच्याचा दावा नेमका काय आहे ते ऐकून घे आणि मग ‘टॉक ओरिजिन्स’ या संकेतस्थळावरची सृष्टिवादी दाव्यांची (म्हणजे उत्क्रांती झालीच नाही, देवानेच सगळे जीव घडवले असं मानणाऱ्यांच्या दाव्यांची) सूची उघड. मार्क आयझॅक यांनी प्रत्येक दाव्याला क्रमांक देऊन खाली उत्तर दिलंय. माकडांचा प्रश्न तिथे सीसी१५० आहे. मी तो असा समजावतो: आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, चुलत भावंडं आहेत. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आजोबा झालेच नाहीत असं होत नाही ना!

सूची जुनी आहे, त्यामुळे पाया पक्का करायला बर्कली विद्यापीठाचं ‘अंडरस्टँडिंग इव्होल्यूशन’ हे संकेतस्थळ वाचच.

‘मधला दुवा दाखवा’ म्हणणाऱ्याला टिक्टालिक दाखव, म्हणजे मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधल्या प्राण्याचा जीवाश्म. असा प्राणी असलाच तर साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळेल, असा हिशेब करून संशोधक कॅनडाच्या एल्झमियर बेटावर गेले. अनेक मोहिमांनंतर २००४ मध्ये तो सापडला. खवले माशाचे, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं! अंदाज आधी, जीवाश्म नंतर, हा क्रम आवर्जून सांग.

शाळेत उत्क्रांतीला पर्याय म्हणून ‘इंटेलिजंट डिझाइन’ (जीव कुणीतरी बुद्धीने घडवले ही कल्पना) मांडण्यावरून अमेरिकेत झालेल्या डोव्हर खटल्याचा २००५ चा निकाल १३९ पानांचा आहे, पण सवडीने पूर्ण वाच. जिवाणूची पोहण्याची शेपटी इतकी गुंतागुंतीची आहे की ती उत्क्रांतीने घडूच शकत नाही, हा युक्तिवाद तिथे बारकाईने तपासलाय. आणि कुणाच्या श्रद्धेची थट्टा कधीच करू नकोस. त्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत.