अँटिव्हायरस आहे, मग अपडेट कशाला?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. अपडेट दर वेळी अर्ध्यावर अडकतं, म्हणून बंदच करून टाकलं. अँटिव्हायरस आहे, तेवढा पुरे ना?

उत्तर : नाही. अँटिव्हायरस आत आलेल्या चोराला ओळखतो, तेही ओळखला तर. पॅच, म्हणजे अपडेटमधून येणारी दुरुस्ती, भिंतीतलं भगदाडच बुजवतो. २०१७ मधला वॉनाक्राय आठवा, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच दिला, हल्ला झाला १२ मे रोजी. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी तो बसवला नाही, त्यांची मशिन्स त्याच्या तावडीत सापडली. कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती; फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, वॉनाक्राय स्वतःच पसरत गेला.

अपडेट अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सी ड्राइव्ह भरलेला असणं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जाऊन कचरा काढा. यादीतल्या ‘डाउनलोड्स’वर मात्र खूण करू नका, तुमच्याच फाइल्स जातील! निदान २० जीबी मोकळे ठेवा, चार्जर लावा, मग ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. शेवटी ‘रीस्टार्ट’च करा. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल तर साध्या ‘शट डाउन’ने विंडोज पूर्ण बंद होत नाही.

आणखी एक : विंडोज १० चे मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. २२एच२ आवृत्ती असेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स) नाव नोंदवा, नाहीतर ‘चेक’ दाबूनही नवे सुरक्षा पॅच येणार नाहीत.