अल कूपर हे नेमके कोण? फक्त अमेरिकी गायक बॉब डिलनच्या गाण्यातले ऑर्गनवाले का?

फक्त तेवढेच नाहीत, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. जून १९६५, न्यूयॉर्क. २१ वर्षांचे कूपर डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायच्या आशेने आले होते. गिटारवादक माइक ब्लूमफील्डचा हात ऐकला आणि त्यांनी आपली गिटार बाजूला ठेवली. मग रिकाम्या हॅमंड ऑर्गनवर जाऊन बसले. ऑर्गनची सवय नव्हती, म्हणून बाकीच्यांचा स्वर ऐकून किंचित मागून वाजवत गेले. नीट कान देऊन ऐका, तो उशीर जाणवतो, आणि मला तर गाण्याचा जीव तिथेच वाटतो. डिलननी ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितला!

त्याच वर्षी त्यांनी दोघांसोबत लिहिलेलं ‘धिस डायमंड रिंग’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. पुढे १९६७ मध्ये ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ हा बँड उभा केला, पण पहिल्याच अल्बमनंतर ते तिथून बाहेर पडले.

निर्माता म्हणून त्यांचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडचे पहिले तिन्ही अल्बम त्यांचेच. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने मात्र सन्मानासाठी २०२३ पर्यंत वाट पाहायला लावली, याचं वाईट वाटतं.