जर्मन सोडून स्पॅनिश शिकण्यात खरंच काही फायदा आहे का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. करता करता स्पॅनिश शिकायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात जर्मनच घे, स्पॅनिशला इथे कोण विचारतो. शिका स्पॅनिश. हे 'कोण विचारतो' मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

20 देशांची अधिकृत भाषा, पन्नास कोटींच्या आसपास लोकांची मातृभाषा, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक, हे तुम्ही वाचलंच असेल. असल्या आकड्यांवर कुणाला नोकरी लागत नाही. माझ्या कामात तिचा काय उपयोग झाला तेच सांगते.

मी वाळूजला एका छोट्या कंपनीत एक्स्पोर्टचं काम बघते. आम्ही दुचाकी आणि रिक्षांच्या क्लच प्लेट बनवतो. बजाजच्या रिक्षा मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात गावोगावी फिरतात, तिथे त्यांना टुकटुक म्हणतात. पेरूमध्ये त्याच मोतोटॅक्सी म्हणून धावतात. गाडी गेली की तिच्या मागोमाग स्पेअर पार्टचा धंदा जातो, आणि त्या धंद्यावर आमच्यासारखी बरीच लहान युनिट चालतात.

मध्यंतरी ग्वातेमालाच्या एका डीलरकडून तक्रारी सुरू झाल्या. क्लच स्लिप होतो, प्लेट जळतात. मेल यायचे मधल्या एजंटकडून, इंग्रजीत, आणि सगळ्यांचा मथितार्थ एकच: माल खराब आहे, पैसे परत करा. इकडे आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी बॅचचे रिपोर्ट काढले, तर जाडी, मटेरियल सगळं ड्रॉइंगबरहुकूम. दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. शेवटी कटकट नको म्हणून मालक क्रेडिट नोट द्यायला निघाले. मी म्हटलं, त्याआधी मला एकदा तिथल्या गॅरेजवाल्याशी बोलू द्या.

रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचे नऊ. पन्नाशीचे गृहस्थ, मागे तीन-चार रिक्षा उघडून ठेवलेल्या. मी 'उस्तेद' म्हणूनच बोलत होते, म्हणजे आपलं आदराचं 'तुम्ही'. सुरुवातीला ते एकदम तुटक, त्यांना वाटलं कंपनीवाले झटकायला आलेत. मग मी विचारलं, चढ किती आहे, माणसं किती बसवतात, सकाळी थंडी असते का. हळूहळू माणूस खुलला. दगडी रस्ते, हाफ क्लचवर चढणारे ड्रायव्हर, सगळं सांगितलं. मग मी विचारलं, ऑइल कुठलं घालता? ते म्हणाले, ड्रममधलं, कारचं. स्वस्त पडतं.

रिक्षाचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. साध्या गिअरच्या कारचा क्लच सहसा कोरडा असतो, त्याला काही होत नाही. पण ओल्या क्लचच्या प्लेट त्या ऑइलने घसरायला लागतात. घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. मी त्यांना म्हटलं, डब्यावर 'जासो एमए', म्हणजे ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, कुठे लिहिलीय का बघा. त्यांनी हात फडक्याला पुसले, ऑइलचा डबा उचलून आणला आणि कॅमेऱ्यासमोर चारी बाजूंनी फिरवून दाखवला. कुठेच नव्हती.

नंतर आम्ही प्रत्येक खोक्यात स्पॅनिशमधली एक चिठ्ठी टाकायला सुरुवात केली: कुठलं ऑइल घालायचं, केबलला किती फ्री प्ले, म्हणजे ढील, ठेवायचा. तक्रारी कमी झाल्या, क्रेडिट नोट द्यावी लागली नाही, आणि तो डीलर आता थेट मला मेसेज करतो. एजंटचं इंग्रजी उत्तम होतं, पण ऑइलचं विचारायचं त्याला सुचलं नाही. आणि ज्यांना माहीत होतं त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

आता आमच्या मोठ्या मामांबद्दल. मी स्पॅनिशचा क्लास लावला तेव्हा ते माझ्या वडिलांसमोर म्हणाले होते, "स्पॅनिश शिकून काय मेक्सिकोत जाऊन मका पेरणार आहेस?" त्यांचा मुलगा जर्मन शिकून म्युनिकला गेला, त्यामुळे घरात त्यांचाच शब्द चालायचा. वडिलांनी फी द्यायला नकार दिला, मी शिकवण्या घेऊन ती भरली. मामा, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका: वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून, म्हणजे परदेशातल्या भारतीयांच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्यातून, फिरत फिरत मेक्सिकोत पोचले आणि त्यांनी तिथे खरोखरच मका पेरला. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलंय, मेजाभोवती बसलेल्या माणसांना भाकर वाटताना. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. पुढे साठच्या दशकात मेक्सिकोतूनच आणलेल्या गव्हाच्या बियाण्याने आपल्याकडे हरितक्रांती झाली. मेक्सिकोत मका पेरणं ही टोमणा मारायची गोष्ट नाही, निदान विदर्भाच्या माणसाने तरी नाही. आणि मामा मूळचे हिंगणघाटचे आहेत.

राहिला प्रश्न भाषा अवघड आहे का. मराठी माणसाला नाही. त आणि द आपले आयते येतात. 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात' ही रचना जशीच्या तशी तिथे आहे, क्रियापद आंब्याप्रमाणेच बदलतं. इंग्रजीतून विचार करणारी मुलं तिथे महिनाभर अडकतात. विशेषणाला लिंग लागतं, तेही आपल्या अंगवळणी पडलेलं, आणि लिंगं तीनऐवजी दोनच आहेत. त्रास होतो तो 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांचा. दोन्हींचा अर्थ 'असणे', पण कुठे कुठलं हे सवयीनेच कळतं. म्हणून मराठीतून शिका, मनात इंग्रजी भाषांतर करत बसू नका. क्लासमध्ये शिक्षक इंग्रजीतूनच समजावतील, तरी वहीत मराठीच लिहा.

काही गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. पुण्यात आज नोकरीच्या जाहिराती बघितल्या तर जर्मन आणि जपानीच्याच जास्त दिसतात. जर्मनीत जाऊन पुढे शिकायचं असेल तर जर्मनच घ्या, मी भांडणार नाही. स्पेनमध्ये स्थायिक व्हायच्या आशेने स्पॅनिश शिकू नका, तिथे त्यांच्याच मुलांना नोकऱ्यांची मारामार आहे. आणि ए-1, म्हणजे अगदी पहिली पातळी, करून थांबणार असाल तर फी वाया घालवू नका. 'मी ठीक आहे, तुम्ही कसे आहात' यावर कुणी पगार देत नाही. बी-2 पर्यंत, म्हणजे कामापुरतं सफाईने बोलता येईपर्यंत, जायची तयारी हवी. देले ही स्पॅनिशची अधिकृत परीक्षा द्या, तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं. पुण्यात राहायला येणार असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, चौकशी करा. दिल्लीला 2009 पासून इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेन सरकारची स्पॅनिश शिकवणारी संस्था आहे.

आणि बी.कॉम. सोडू नका. औषध कंपन्यांना लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांसाठी लेबलं, पत्रकं स्पॅनिशमध्येच लागतात, गाड्यांच्या पार्टवाल्यांना आमच्यासारखे कॉल करावे लागतात, पण नुसती भाषा येणाऱ्याला शिपिंग बिल कळत नाही आणि शिपिंग बिल कळणाऱ्याला भाषा येत नाही. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशांसाठी बँकेने दिलेलं हमीपत्र, वाचून त्यातली चूक स्पॅनिशमध्ये फोनवर सांगू शकेल असं कुणीतरी आम्ही गेल्या वर्षी शोधत होतो. संभाजीनगरात कोणी मिळालं नाही, नाशिक-पुण्यातही नाही. शेवटी दिल्लीहून माणूस आणला.