सात वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो, मेंदूत काही दोष असेल का?

ताई, मुलगा सात वर्षांचा, दिवसा पूर्ण कोरडा, रात्री मात्र आठवड्यातून चार-पाच वेळा अंथरूण ओलं. घरचे म्हणतात आळस, आणि तुम्हाला मेंदूत बिघाडाची भीती. दोन्ही नाही. मेंदूचा यात हात आहे, पण त्याचं एक काम अजून शिकून व्हायचं आहे, एवढंच. सासूबाईंना विचारा, मुलाचे बाबा कितव्या वर्षी कोरडे झोपायला लागले. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं.

मूत्राशय भरलं की मज्जारज्जूतून मेंदूला निरोप जातो. मोठ्या माणसाला त्याने जाग येते किंवा झोपेतच लघवी थोपवली जाते. या मुलांच्या झोपेत तो निरोप पोचूनही जाग आणत नाही. शिवाय रात्री मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढायला हवं, म्हणजे किडन्या लघवी कमी करतात. काही मुलांत ते कमी पडतं.

तुमच्याकडे नेमकं काय अडलंय ते घरी मोजता येतं. सुट्टीच्या दोन दिवशी प्रत्येक शू मापाच्या भांड्यात करायला लावा, उठल्यावरची पहिली सोडून. सात वर्षांना अपेक्षित क्षमता ३० × (७+१) म्हणजे २४० मिली. सगळ्यात मोठी शूसुद्धा १५५ च्या आत असेल, तर मूत्राशय कमी साठवतंय. मग काही रात्री डायपर लावून सकाळी वजन करा, कोऱ्या डायपरचं वजा करा (१ ग्रॅम म्हणजे १ मिली), त्यात सकाळची पहिली शू मिळवा. ३१० च्या वर गेलं तर रात्रीची लघवीच जास्त बनतेय.

आपल्याकडच्या उकाड्यात पाणी तोडू नका. मुलं शाळेत पीत नाहीत आणि घरी आल्यावर शहाळं, कोकम सरबत, रात्री पातळ पेज असं सगळं एकदम पोटात जातं. चार वाजेपर्यंत भरपूर पाजा, संध्याकाळी थोडंच. रात्रीच्या ताटात खारा बांगडा नको, मीठ बाहेर टाकायला किडन्यांना पाणी लागतं. शौचाला खडा होत असेल तर तो आधी बरा करा. भरलेलं आतडं मागून मूत्राशयाला दाबतं. संडास परसात असेल तर पावसाच्या काळोखात मूल जात नाही, पडवीत दिवा आणि भांडं ठेवा.

बारा वाजता झोपेतच उचलून शू करवणं मात्र बंद करा. गादी वाचते, पण जाग न येताच मूत्राशय रिकामं होतं, म्हणजे मेंदू काहीच शिकत नाही. शिकवतो तो ओलावा लागताच वाजणारा अलार्म. सेलवर चालतो, लाइट गेली तरी अडत नाही. पहिले काही आठवडे मूल उठणार नाही, तुम्हाला उठावं लागेल: त्याला पूर्ण जागं करा, बटण त्याच्याच हातून बंद करवा, चालत न्या. दोन-तीन महिने लागतात. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की थांबवा. पंधरा दिवसांत सोडून देणं, हीच नेहमीची चूक.

गणपतीला नातेवाइकांकडे राहायचं असेल तर डॉक्टर डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारी गोळी, देऊ शकतात. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी जवळजवळ नाहीच, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून फिट येऊ शकते.

सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालं, दिवसाही गळतं, धार बारीक, जळजळ, मोठ्याने घोरणं, पाय अडखळणं, यातलं काही असेल तर अलार्मआधी बालरोगतज्ज्ञ. सतत तहान आणि वजन उतरत असेल तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या.